आपल्या शहराचं पहिलं अक्षर

कंपनीत मला तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठ वळली की 'किल्लीवाली बाई'. हे मला ठाऊक होतं. सुरुवातीला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू. वाळूजच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत, आणि कॉम्प्युटर विभाग म्हणजे दोनच माणसं होती. एक साहेब आणि एक मी. साहेब केबिनमध्ये बसत आणि मी बाकी सगळीकडे असे.

आमचं मुख्य काम मशिनं तयार करण्याचं. नवीन कॉम्प्युटर आला किंवा जुना आजारी पडला की त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची आणि मग तो माणसांच्या हवाली करायचा. पूर्वी हे एकेक मशीन मांडीवर घेऊन न्हाऊ घातल्यासारखं चाले. पुढे ते आपोआप होऊ लागलं. मशीन नेटवर्कला जोडायचं, चालू करायचं, की ते सर्व्हरकडून सगळं स्वतःच ओढून घेई. मध्ये त्याला प्रश्न पडत: भाषा कुठली, घड्याळ कुठल्या देशाचं, माझं नाव काय. त्या प्रश्नांची उत्तरं एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवलेली असत. मी तिला उत्तरपत्रिका म्हणायची. उत्तरपत्रिका नीट असली की हॉलभर मशिनं एकदम चालू करून आपण चहाला जावं, परत येईस्तोवर ती तयार.

सिस्टिमच्या पाठोपाठ आमच्या डिझाइनवाल्यांचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरही त्याच ओघात चढे. ते फार महागाचं प्रकरण होतं आणि त्याला लायसन्सची किल्ली लागे. किल्ली म्हणजे काय, तर अक्षरं आणि आकडे, पाच-पाचांचे पाच गट. माझ्या आधी जो माणूस होता त्यानं ती किल्लीही उत्तरपत्रिकेतच लिहून ठेवली होती. काम सोपं झालं. पण मशीन तयार झाल्यावर ती उत्तरपत्रिका त्याच्याच पोटात एका कोपऱ्यात तशीच पडून राहते, आणि कुणीही उघडून वाचू शकतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. जुनी मशिनं भंगारात गेली, आणि आमची किल्ली शहरातल्या कुठल्याशा दुकानात लोकांना सॉफ्टवेअर टाकून देऊ लागली. पेपर फुटला. सॉफ्टवेअरवाल्यांची नोटीस आली, जुनी किल्ली बंद झाली, तो माणूस घरी गेला आणि त्याच्या जागी मी आले.

साहेबांनी त्या प्रकरणाची इतकी धास्ती घेतली होती की दुधानं तोंड पोळल्यावर ते ताक काय, पाणीही फुंकून प्यायला लागले. नवीन किल्ली आली तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "ही कागदावर नाही, मेलवर नाही, मोबाईलमध्ये नाही. उत्तरपत्रिकेत तर नाहीच नाही. फक्त दोन डोक्यांत. तुमच्या आणि माझ्या." मग त्यांनी ती स्क्रीनवर दाखवली आणि पाढे पाठ करून घेतात तशी माझ्याकडून पाठ करून घेतली. दुसऱ्याच्या कानावर किल्ली जाणार नाही, गेली तर जबाबदारी माझी, असं हमीपत्रही लिहून घेतलं.

नुसती अक्षरं माझ्या डोक्यात टिकेनात. मग मी त्यांना गावं दिली. माझं माहेर सोयगावचं, लहानपणापासून त्या रस्त्यानं येणं-जाणं, त्यामुळे गावांची मला टंचाई नव्हती. फुलंब्रीचा पी, सिल्लोडचा एस, लासूरचा एल. एका ठिकाणी ए होता, तिथे मी ज्या शहरात बसून पाठ करत होते त्याच शहराचं नाव टाकलं. आकडे मध्ये मध्ये येत, ते मी थांब्यावर चढलेले प्रवासी धरले. असं करत किल्ली एकदाची डोक्यात बसली आणि बसली ती उठेचना.

त्यानंतर आमचं आपोआपचं काम एका जागी येऊन थांबू लागलं. सिस्टिम चढे, ड्रायव्हर नावाचे छोटे प्रोग्रॅम चढत, आणि मग स्क्रीनवर एक पांढरी चौकट यायची. तिच्यात कर्सरची काठी लुकलुकत राहायची. हॉलमधली सगळी मशिनं त्या चौकटीपाशी माझी वाट बघत उभी. मी जायचं, आजूबाजूच्यांना तोंड फिरवायला लावायचं, किल्ली टाइप करायची आणि पुढच्या मशीनकडे सरकायचं. सगळं आपोआप होतं, फक्त मी सोडून.

साहेबांनाही किल्ली पाठ होती, म्हणजे ते तसं म्हणत. पण टाइप करायला ते कधी उठले नाहीत. त्यामुळे कुठल्याही शिफ्टला कुठल्याही विभागाचं मशीन बसलं की बोलावणं मला. सुट्टी मागितली की साहेब कॅलेंडरकडे न बघता विचारत, "आणि मशीन बसलं तर?" मला ताप आला की भीती वाटायची, तापात बरळले तर? डोकं दुखलं तरी आधी किल्ली मनात म्हणून बघायची, सगळी आहे ना. दोन गावं मागेपुढे झाली असं वाटलं की घाम फुटायचा. माझ्याच डोक्यात ती आणि मीच तिच्या कुलपात, अशी गत. त्या लुकलुकत्या काठीचा मला राग यायचा, माणसाचा यावा तसा.

यातून सुटायचा मार्ग नव्हता असं नाही. मी तो साहेबांना समजावूनही सांगितला होता. लायसन्सचा वेगळा सर्व्हर ठेवता येतो. खरी किल्ली त्या एकाच सर्व्हरमध्ये एकदाच टाकायची आणि त्याला कुलूप लावायचं. बाकीची मशिनं त्याला विचारतील, 'मी चालू का?' आणि तो म्हणेल, 'चाल.' मशिनांना किल्ली कळायचीच नाही, तर ती फुटणार कुठून? अर्ध्या दिवसाचं काम होतं.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मशीनवर भरवसा ठेवू? उद्या काही झालं तर मशीनला धरता येत नाही, मॅडम. माणसाला धरता येतं."

मी त्यावर हसले. तेव्हा मला वाटलं, हे कौतुक आहे.

आता घरचं सांगते. माझ्या नवऱ्याचं आणि माझं पटलं नाही. ती वेगळी गोष्ट आहे आणि ती मी सांगणार नाही. मुलगी माझ्याकडे आली आणि माझ्याकडे आली म्हणजे माझ्या आईकडे आली, कारण माझ्या शिफ्टच्या कामात सिडकोतल्या भाड्याच्या खोलीत तिला सांभाळणार कोण? ती सोयगावला शाळेत जाऊ लागली. मी दर शनिवारी जायचं ठरलं होतं. मग शनिवारचा रविवार झाला. मग 'या रविवारी नाही, पुढच्या' झालं. मुलगी फोनवर आधी रडायची, मग रुसायची, मग हळूहळू नुसतीच शाळेतलं काहीबाही सांगून फोन आजीकडे द्यायला लागली. मला वाटलं, चला, समजूतदार झाली.

आई मात्र मला सोडत नसे. "येतीस का नाय ते एकदाच सांग. दर शनवारी पोरगी वेणी घालून बसती, अन् मी तिला काय सांगू? तुझ्या आईला कुलपाचं काम हाय म्हनू?"

सिल्लोडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. पगार कमी होता, पण सोयगावला राहून रोज जाता-येता आलं असतं. त्यांनी बोलावलंही. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "जरूर जा. तुमची प्रगती झालेली मला आवडेल. फक्त आधी किल्ली कुणातरी भरवशाच्या माणसाच्या डोक्यात ठेवा." आणि तसा माणूस त्यांना सापडेना. एक फार बोलका होता. दुसऱ्याचा मेहुणा माल पुरवणाऱ्यांकडे कामाला. तिसरा हुशार होता, म्हणून नको. शेवटी कॉलेजवाल्यांनी वाट बघून दुसऱ्याला घेतलं. मी साहेबांवर चिडले का? चिडले. पण मनातल्या मनात. वरून मी म्हटलं, "ठीक आहे साहेब." अडला हरी म्हणतात तो मीच होते, आणि पाय कुणाचे धरायचे हेही ठरलेलं होतं.

मग आला तो शनिवार. मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, दुपारी तीनला. ती समूहनृत्यात होती आणि पुढच्या रांगेत होती, हे तिनं मला फोनवर दोनदा सांगितलं होतं. मी येते म्हणून कबूल केलं होतं. तिनं "बघ" इतकंच म्हटलं. तो 'बघ' मला फार टोचला होता. म्हणून आठवडाभर आधी मी रजेचा अर्ज दिला, आणि साहेबांनी चक्क सही केली.

अडचण अशी की शेंद्र्याला कंपनीचा नवा प्लांट उभा राहत होता आणि सोमवारी त्याचं उद्घाटन होतं. डिझाइनचा अख्खा हॉल तिथे शनिवारीच तयार करायचा होता. मी म्हटलं, "साहेब, किल्लीचं काय? एकदा म्हणून बघायची का?"

"माझी परीक्षा घेता का?" साहेब म्हणाले. "मला मुखोद्गत आहे. तुम्ही निर्धास्त जा."

मी सकाळी सिडको स्टँडवरून बस धरली. जागा खिडकीपाशी मिळाली. शेजारी मांडीवर पेरूंची टोपली घेतलेली बाई, समोरच्या बाकावर पागोटं घातलेले एक म्हातारबाबा आणि मागे कॉलेजच्या पोरी. रस्त्याच्या कडेला मका वाळत घातलेला. मी मुलीसाठी घेतलेल्या बांगड्या पिशवीत चाचपून बघितल्या आणि बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं. फुलंब्री मागे पडली आणि फोन वाजला.

"मॅडम, मशिनं चौकटीपाशी आलीत," साहेब म्हणाले. "मला दुसऱ्या गटापर्यंत येतंय. तिसऱ्या गटाची सुरुवात जरा सांगता का?"

म्हणजे मुखोद्गत होतं ते तोंडातल्या तोंडात विरघळून गेलं होतं. मी पुढे वाकले, तोंडावर ओढणी घेतली आणि कुजबुजले. साहेबांना ऐकू येईना. रस्ता खोदलेला, बस खडखडत होती. "मोठ्यानं सांगा," ते म्हणाले. मी मान वर करून पाहिलं, तर पेरूवाली बाई माझ्याकडे बघत होती. हमीपत्र आठवलं. दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. मग मला वाटलं, अक्षर सांगण्यापेक्षा खूण सांगावी.

"साहेब, आता मी जिथून पुढे आले ना, त्या गावाचं पहिलं अक्षर."

"कुठून पुढे आलात?"

"फुलंब्री," पेरूवाली बाई म्हणाली.

मी तिच्याकडे रागानं पाहिलं. तिनं टोपली सावरली आणि मला सांगितलं, "अवो, तुमच्या सायबाला ऐकू नाय यायलं म्हनून म्हनलं."

"पी, साहेब," मी हताशपणे म्हटलं. "पुढे दोन आकडे. एका हाताची बोटं, आणि आठवड्याचे वार."

"पाच अन् सात," म्हातारबाबांनी समोरून जाहीर केलं. "कोडं घालायल्या का सायबाला?"

"त्यानंतर, साहेब, आपल्या शहराचं पहिलं अक्षर. त्यानंतर आता जे पुढे येईल ते तालुक्याचं गाव."

"सिल्लोड," मागच्या पोरी एकदम म्हणाल्या.

असं करत उरलेली सगळी किल्ली बसभर झाली. किल्लीत लासूर आलं तेव्हा म्हातारबाबा म्हणाले, "लासूर ह्या रस्त्याला नाय, ते तिकडं गंगापुरात." मी म्हटलं, "मला माहिती आहे बाबा." कंडक्टर दारात उभा राहून गालात हसत होता. दोन वर्षं जी मी स्वतःशीही ओठ हलवून म्हटली नव्हती ती किल्ली एसटीत अशी उघड्यावर आली, आणि लाजेनं माझे कान तापले.

"चुकीची म्हणतंय," साहेब म्हणाले.

पुन्हा पहिल्या गटापासून सांगितली. या वेळी बसनंच जास्त सांगितली, मी कमी. पुन्हा चुकीची. पलीकडे साहेबांच्या मागे कुणीतरी 'सोमवारी उद्घाटन आहे' असं म्हणत असलेलं मला ऐकू आलं.

साहेबांचा आवाज बदलला. "मॅडम, बरोबर सांगताय ना?"

"म्हणजे?"

"नाही, ते कॉलेजचं झालं नाही, तुमच्या मनात काही असेल तर... मुद्दाम तर नाही ना?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सगळं राखलं ते कुणासाठी? ताप अंगावर काढला, दिवाळीची भाऊबीज सोडली, लेकीला सोडलं, आणि हा माणूस मला चोर म्हणत होता. मला फोन खिडकीबाहेर भिरकवावासा वाटला. पण मी म्हटलं, "नाही साहेब, मुद्दाम कशाला करीन मी?"

"मग सिल्लोडला उतरा," ते म्हणाले. "पुढे घाटात रेंज जाते. काम झाल्याशिवाय पुढे जाऊ नका."

सिल्लोडचा स्टँड आला. मी पिशवी उचलली. पेरूवाली बाई म्हणाली, "अवो, सोयगावचं तिकीट हाय ना तुमचं? कशाला उतरायल्या?"  नको उतरू, असं मन सांगत होतं आणि पाय पायऱ्या उतरत होते. इतक्या दिवसांत त्यांना तेच वळण लागलेलं. बस गेली तेव्हा बारा वाजून गेले होते.

स्टँडच्या कोपऱ्यात एक भज्यांची गाडी होती, तिच्या आडोशाला जरा शांत होतं. मी साहेबांना म्हटलं, "आता मी सांगत नाही. तुम्ही काय टाइप केलंय ते एकेक अक्षर मला वाचून दाखवा."

ते वाचू लागले. तिसऱ्या गटात आले. "पी, पाच, सात, सी."

"थांबा. सी कुठून आला?"

"तुम्हीच म्हणालात, आपल्या शहराचं पहिलं अक्षर."

मी कपाळाला हात लावला. "साहेब, ए. ए पाहिजे तिथे."

"ए कसा? छत्रपती संभाजीनगर. सी. परिपत्रक आलंय आपल्याकडे, सगळीकडे पूर्ण नाव लिहायचं. पहिल्यांदा मी सीच टाकला. नाही चाललं म्हणून दुसऱ्यांदा संभाजीनगरचा एस टाकला."

मी किल्ली पाठ केली तेव्हा शहराचं नाव दुसरं होतं. मधल्या काळात ते बदललं, पाट्या बदलल्या, आमच्या कंपनीच्या पत्रांचा मथळा बदलला. ज्याच्या जिभेवर जे बसलंय ते तो बोलतो आणि ऐकणाऱ्याला दोन्ही कळतात, त्यामुळे रोजच्या जगण्यात कुणाचं काही अडत नाही. अडलं ते आमच्या किल्लीचं. नाव बदलल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. भजी तळणारा माणूस झारा हातात धरून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "आधी कुठलं नाव धरायचं ते ठरवून घ्यायचं होतं की, मॅडम."

साहेबांनी ए टाकला. फोनमधून कुणीतरी 'झालं, झालं' म्हणालं. साहेबांनी सुस्कारा सोडला, आणि मघाशी मला चोर ठरवल्याबद्दल एक शब्दही न बोलता म्हणाले, "हं. आता तिथेच थांबा. पलीकडच्या हॉलची मशिनं चौकटीपाशी येतीलच तासाभरात."

"साहेब, आता ही लिहून घ्या ना तुम्ही. मला तीनला पोचायचंय."

"लिहायची नाही. नियम आहे."

मला वाटलं, आता खरं ते सांगूनच टाकावं. हमीपत्र माझं होतं, जबाबदारी माझी होती. होऊ दे काय व्हायचं ते. किल्ली फुटली म्हणतील, नवी मागवतील, मला काढून टाकतील. काढून टाकतील, हा विचार आला आणि छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "साहेब, एक सांगायचंय. मघाशी बसमध्ये सगळ्यांनी ऐकली किल्ली."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"अख्ख्या बसनं. काहींनी तर सांगायला मदत केली."

मी वाट बघत राहिले. आता ते ओरडतील, आता केबिनचं दार लावल्यासारखा त्यांचा आवाज खाली जाईल, असं मला वाटत होतं.

"ऐकू दे हो," साहेब म्हणाले. "एसटीतल्या लोकांना काय कळतंय त्यातलं. तुम्ही मात्र हलू नका तिथून."

मी तशीच उभी राहिले. भज्यांचा वास, कंडक्टरांच्या शिट्ट्या, कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रॅक्टर स्टँडसमोर आडवा होऊन अडकलेला. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि माझ्या डोक्यात मात्र एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसायला लागली. किल्ली फुटली तरी चालत होतं. मी सुटलेली चालत नव्हतं. सर्व्हर नको होता, बोलका माणूस नको होता, हुशार माणूस नको होता, कारण एकदा का ते झालं असतं तर धरायला हाताशी कुणी उरलं नसतं. मी राखत होते ते गुपित नव्हतंच. गुपित राखण्याच्या नावाखाली मलाच राखलं जात होतं, कोंडवाड्यात गुरं राखतात तसं. आणि मी दोन वर्षं दावं स्वतःच्या हातानं घट्ट करत होते, आणि वर अभिमान बाळगत होते. मला साहेबांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या त्या 'ठीक आहे साहेब'चा आला.

"साहेब, माझी बस लागली," मी म्हटलं. बस लागलेली नव्हती. फोन बंद केला आणि पिशवीच्या तळाशी टाकला.

त्यानंतर बस खरंच लवकर आली नाही. ट्रॅक्टर निघेना, पलीकडच्या गाड्या पलीकडे. शेवटी मी फर्दापूरपर्यंत काळी-पिवळी जीप धरली. माणसं भरल्याशिवाय ती हलेना. तिथून पुढे दुसरी जीप लागणार होती. घाटात मी रस्त्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होते. तीन वाजले तेव्हा आम्ही अजून घाटातच होतो. मी मनात म्हणत होते, शाळेची कामं वेळेवर कुठे सुरू होतात, पाहुण्यांची भाषणं असतात, दिवा लावायला काडी सापडत नाही, पेटी वाजवणारे सर येत नाहीत. कुणाचं तरी काहीतरी अडू दे, एवढंच मी मागत होते.

कुणाचं काही अडलं नव्हतं. मी शाळेच्या मैदानावर पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या एकात एक घालून रचत होता आणि माईकवाला वायर गुंडाळत होता. आई एका झाडाखाली उभी होती. मला बघून तिनं बाकाकडे बोट केलं. मुलगी जरीचा परकर आवरून बाकावर बसली होती आणि द्रोणातली भेळ खात होती. गालावर लावलेला लाल रंग ओघळला होता.

मी तिच्याजवळ खाली बसले. मला रडू आवरेना. "माझं चुकलं," मी म्हटलं. "मी निघाले होते गं, अगदी सकाळीच निघाले होते. मध्येच उतरवलं मला."

"आई, रडू नको," ती म्हणाली. मोठ्या माणसानं समजूत घालावी तशी. "काही झालं नाय. बाईंनी विचारलेलं, तुझ्या आईसाठी पुढची खुर्ची ठेवू का. मी म्हटलं, नको. शेजारच्या काकूंना बसवा. मग काकूंनी टाळ्या वाजवल्या. लई वाजवल्या."

"तुला वाटलं नव्हतं मी येईन?"

तिनं विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि मला दुखवायचंही नव्हतं. "रिकामी खुर्ची दिसली की माझी स्टेप चुकते," ती म्हणाली आणि द्रोण माझ्यापुढे केला. "घे. तिखट नाय."

मी एक घास घेतला.  ज्यांचं माझ्यावाचून सहज चाललं असतं ते मला हलू देत नव्हते, आणि जिचं माझ्यावाचून चालायला नको होतं तिनं शांतपणे सोय लावून घेतली होती. कुणाला धरून ठेवायचं नाही, ही तिची सोय. ती माझ्यावर रुसली असती, माझ्या अंगावर धावून आली असती, तर मला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी तिला बांगड्या दिल्या. त्या तिला घट्ट झाल्या. तिचा हात केवढा झालाय ते मला माहीत नव्हतं. तिनं साबण लावून एक बांगडी कशीबशी चढवली आणि छान आहे म्हणाली. मग मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, "आता मी सोमवारी जाणार नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. ती नोकरीच सोडणार आहे मी."

"बरं," ती म्हणाली.

आई चुलीपाशी होती, तिनं वळून पाहिलं. मुलगी माझ्या मिठीतून हळूच सुटली, माझी पिशवी उघडली, तळाशी हात घालून मोबाईल काढला. बंद दिसला तेव्हा तिला वाटलं बॅटरी संपली असेल. ती स्टुलावर चढली आणि तो चार्जिंगला लावला.

"राहू दे गं," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली, "सोमवारी बसमध्ये लागेल तुला."